मेट म्हणजे सोबत जेवणारा

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिलीच. केशोरीजवळ रोजगार हमीतून तलावाचा गाळ काढणं चालू आहे, तिथे मी मेट आहे, मजुरांची हजेरी घेते आणि कामावर देखरेख ठेवते. इंग्रजांच्या काळात माझे पणजोबाही अर्जुनीकडे रेल्वेच्या कामावर मेट होते. ते मजुरांच्या पंगतीत कधी बसले नाहीत, हे घरी अजून अभिमानाने सांगतात.

आज जेवणाच्या सुट्टीत पळसाखाली एकटी बसून मी मोबाइलवर 'मेट' या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधलं. चूक नको म्हणून दोन शब्दकोश पाहिले. मेट म्हणजे मुळात सोबत बसून अन्न वाटून खाणारा.

तेवढ्यात मजुरांतल्या सखूबाईने हाक मारली, "मेटबाई, अलग काऊन बसून रायली? आमच्या भाजीले काटे आहेत का?"

तिच्या हातचं आमच्या घरात कोणी खात नाही. मी डबा उचलून तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने माझ्या भातावर अंबाडीची भाजी वाढली. मी जेवले.

आता आजोबा रोजच्यासारखं विचारतील, "कोणासंग जेवली?" मी खरं सांगणार आहे.

तुम्ही सांगितलं असतं का?