मामंजींच्या भुवया

मंगळवारी सकाळी माझी पत्नी हॉस्पिटलमध्ये वारली. दुपारी मी रिक्षाने घरी निघालो. कर्वेनगरच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा डाव्या हाताला मामंजी होते.

मामंजी ही एक चार मजली सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन मोठ्या खिडक्या, आणि प्रत्येकीवर बाहेर झुकलेला जाड सिमेंटचा छज्जा. खाली मधोमध पार्किंगचं रुंद तोंड. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती स्कूटरवर मागून म्हणाली, "अहो, ही बिल्डिंग मामंजींसारखी दिसते." मी वर पाहिलं. माझ्या वडिलांच्या भुवया अगदी तशाच होत्या. समोरच्याने वाक्य चुकीचं बोलण्याआधीच त्या खाली यायच्या.

तेव्हापासून तिथून जाताना ती डोक्यावर ओढणी घ्यायची. हेल्मेट आलं तेव्हा हेल्मेटवरून घ्यायला लागली. सिग्नलला शेजारचे लोक बघायचे. मी पुढे बघायचो. वडील वारल्यावरही तिने ही पद्धत सोडली नाही. उलट म्हणाली, "आता तर इथेच भेटतात."

तिने वास्तुशास्त्राचं किंवा कलेचं काही शिक्षण घेतलं नव्हतं. मी पुस्तकातून कमानी आणि खांबांची नावं वाचून दाखवायचो, ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "ते ठीक आहे, पण स्वभाव कसा आहे?" नारायण पेठेतल्या एका इमारतीची गॅलरी खालच्या ओठासारखी पुढे आलेली आहे. ती रुसलेली आत्या. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींशी मात्र तिने नातं जोडलं नाही. "सगळे गॉगल लावून उभे," ती म्हणायची. "डोळे दिसत नाहीत, बोलायचं कुणाशी?"

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकटाच त्या सिग्नलला थांबलो होतो. मामंजींभोवती बांबूची परांची बांधली होती आणि उजवी भुवई जागेवर नव्हती. डावीकडे ड्रिल घेऊन एक माणूस वर चढत होता.

मी स्कूटर तिथेच लावली आणि आत जाऊन सेक्रेटरींना गाठलं. ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून कामावर लक्ष ठेवत होते.

"तो छज्जा काढू नका," मी म्हणालो.

"आपण इथे राहता?"

"नाही."

"फ्लॅट आहे इथे?"

"नाही."

"मग आपण आमच्याकडे नुसतेच रागवायला आलात?"

मी शांतपणे सगळं समजावणार होतो. शब्दही जुळवले होते. पण वर ड्रिल सुरू झालं आणि माझ्या तोंडून निघालं, "ते माझे वडील आहेत."

सेक्रेटरींनी मला नीट पाहिलं. "कुठल्या मजल्यावर?"

"तिसऱ्या मजल्यावर डोळे आहेत. तोंडात आपण बसला आहात."

यानंतर त्यांनी मला हाकलायला हवं होतं. त्यांनी हात वर करून काम थांबवलं, बहुधा माझ्या काळजीपोटी. तेवढ्यात त्यांच्या पत्नी भाजी घेऊन आल्या. मी दोघांना रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि मोबाइलवरचा वडिलांचा फोटो इमारतीशेजारी धरला.

"अहो," बाई म्हणाल्या, "खरंच की. एक गेली, तरी ओळखू येतंय."

सेक्रेटरी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण यांच्या तोंडात गाड्या लावतोय?"

"माझी पत्नी यांना मामंजी म्हणायची," मी म्हणालो. "मागच्या वर्षी गेली."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"डावी खिडकी आपली आहे ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "राहू दे तो छज्जा."

"गळतो तो."

"गळू दे. मी खाली बादली ठेवीन."

"माझ्या वडिलांसाठी कधी बादली ठेवली नाहीस."

"त्यांना अशा भुवया नव्हत्या."

सेक्रेटरींनी वरच्या माणसाला खाली उतरायला सांगितलं. मग मला म्हणाले, "आपले आणखी कुणी नातेवाईक असतील आमच्याकडे, तर रंग लावायच्या आधी सांगा."

आता परांची उतरली आहे. इमारतीला फिका पिवळा रंग दिला आहे. एकाच भुवईमुळे मामंजींना काहीच पटत नाही असं वाटतं. वडिलांचंही बरंचसं तसंच होतं. सिग्नलला मी हेल्मेट सारखं करतो आणि थोडी मान खाली घालतो. शेजारचे लोक बघतात.

मागची सीट रिकामी असते. उजवी भुवई गेली. डावी आहे.