काकींनी निवडून दिलेलं मशीन

आपल्याच मालाला नावं ठेवून तो विकणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या गेमवाल्या काकी.

आमच्या लहानपणी त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळा बुडवून कुणी आलं, की कानाला धरून त्याला परत पाठवत. स्वतः कधी खेळल्या नाहीत, पण आम्ही हरलो की आमच्यापेक्षा त्याच जास्त हळहळत. पुढं पोरांच्या हातात मोबाइल आले आणि दुकान बंद पडलं. उरलेली गेमची मशिनं त्यांनी कळंब्याला घरामागच्या शेडमध्ये ठेवली.

काकी पुण्याला आपल्या मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा मी एक मशीन विकत मागायला गेलो. माझा बेत साधा होता. खोकं जुनं, आत कॉम्प्युटर आणि नवा स्क्रीन, म्हणजे माझ्या मुलांनाही आमचा खेळ घरात मिळेल. काकींनी नारळ वाजवून घ्यावा तसं एकेक मशीन बोटांनी ठोकून पाहिलं. एकाचा तळ ओलीनं फुगला होता. मला रंगीत चित्रांचं एक आवडलं होतं.

"त्येचं नुसतं तोंड रंगवलंय. आतनं भुसा झालाय की," त्या म्हणाल्या आणि मला कोपऱ्यातल्या, रंग उडालेल्या मशीनपाशी घेऊन गेल्या. लाकूड कोरडं ठणठणीत होतं, खेळायची दांडीही घट्ट होती. तेच मशीन एका हॉटेलवाल्यानं दाराशी शोभेला मागितलं होतं. काकींनी त्याला वाटेला लावलं होतं.

"शोभेला न्हाय द्यायचं. तुझ्या घरात पोरं हाईत, खेळतील."

कित्येक रविवार खपून मी ते तयार केलं. मुलं आठवडाभर खेळली आणि परत मोबाइलकडे वळली. मशीनवर हळूहळू इस्त्रीचे कपडे साठू लागले. काकी फोनवर विचारत, चालू आहे ना? मी हो म्हणायचो. बंद कुठं पडलं होतं ते?

यंदा एका लग्नाला कोल्हापुरात आल्या, तेव्हा न कळवताच घरी आल्या. कपड्यांचा ढीग पाहून जागीच थांबल्या. मी मशीन चालू करायला धावलो, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. ढीग बाजूला सारला आणि पदरानं धूळ पुसली.

"त्या हॉटेलवाल्यालाच द्यायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "त्यानं रोज पुसलं तरी असतं."

मशीन निवडताना काकी चुकल्या नव्हत्या, घर निवडताना चुकल्या, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचा फोन अजून येतो. मुलांची चौकशी करतात, मशीनचा विषय मात्र काढत नाहीत.