तीन खाटा, चौथा माणूस

“सोडियम इलेक्ट्रॉन देतो,” असं कुणी म्हटलं की भुवईवरचा धाग्याचा भुगा झटकत आमचे मास्तर म्हणायचे, “काबर देस? त्याले इचारं का रे भो?”

का देतो, हे म्हणे सोडियमलाच विचारायचं! ऐकलं असतंत तर तुम्हीही हसला असता. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो, बोलण्याआधीच्या खोकल्यासकट. एकदा मागे उभं राहून त्यांनी सगळी ऐकली. “खोकला कमी पडना,” म्हणाले, आणि स्वतः खोकून दाखवलं.

दिवसा उधन्याच्या कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवायचे, संध्याकाळी लिंबायतच्या देवळात आम्हाला केमिस्ट्री. मी अकरावीत त्याच विषयात गचकलो होतो. फेरपरीक्षेत पास, नाहीतर लूम, हे पप्पांनी सांगून टाकलेलं.

मी पाठ केलं: अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागते ती आयनीभवन ऊर्जा, ओळीत उजवीकडे जाताना वाढते. पण पुस्तकात ऑक्सिजनची नायट्रोजनपेक्षा कमी! छापखान्याची चूक समजून मी पेनाने आकडे बदलले. वर सहीसुद्धा ठोकली.

मास्तर रागावले नाहीत. सुट्टीच्या दिवशी खोलीवर घेऊन गेले. चार माणसं, तीन खाटा. तिसरी खाट दोघांत. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, म्हणून एरवी भागायचं. सुट्टीला दोघंही घरी.

“समज, तीन माणसं, तीन खाटा. कोनी हालस का?”

“नाही.”

“तो नायट्रोजन. बाहेरल्या तीन p-खाटांवर एकेक इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनमधे चौथा इलेक्ट्रॉन येस. त्याले दुसऱ्यासंगे एकाच खाटवर ऱ्हानं पडस. आते सांग, कोनले काढानं सोपं?”

जे कुणी डोळ्यांनी बघितलं नाही, त्याच्या पोटातली दाटी या माणसाला कळत होती! पुस्तकातल्या माझ्या सहीची मला लाज वाटली.

“मास्तर, इथला चौथा कोण?” मी दात काढले.

तिसऱ्या खाटेवर रातपाळीवाला घोरत होता. मास्तर उंबऱ्यावर बसलेले, अर्धे आत, अर्धे बाहेर. “पुढला सवाल घे,” म्हणाले.

पास झालो. पप्पांनी लूमचं नाव काढलं नाही. पेढे घेऊन खोलीवर पळालो, तर रातपाळीवाला एकटाच.

“मास्तर?”

“गावले गया कायमना. कोनले उठाडं बी नई.”

त्याने पेढा घेतला. अख्खी खाट रिकामी होती, तरी तो कडेलाच टेकून खात होता.