रांगेतली शेवटची जागा

रश्मी खोब्रागडे बाईंची आणि हे लिहिणाऱ्याची ओळख सावरबोडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात झाली. तेथे दर शनिवारी दुपारी प्रौढांचा साक्षरता वर्ग भरे, आणि केस पिकले तरी ज्यांच्या हातून अक्षर उमटले नव्हते अशा म्हाताऱ्यांना बाई लिहायला शिकवीत. वर्ग सुटल्यावर चहा होई. त्या वेळी बाईंनी स्वतः जे सांगितले, ते येथे यथाशक्ती लिहिले आहे.

बाई वाढल्या ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरांत. जंगल त्यांनी पाहिले ते बसच्या खिडकीतून. सावरबोडीत शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा शेजारच्या हिरडीटोला या लहान वस्तीची शाळा पटाअभावी बंद झाली होती आणि तिथली लेकरे याच शाळेत येत होती. मधे जंगलाचा पट्टा, एक नाला आणि बैलगाडीची वाट. धान कापणीच्या दिवसांत टोल्याच्या एका बाईला वाघाने बांधावरून ओढून नेले, आणि त्या वाटेचा सर्वांनी धसका घेतला. सकाळी बाप लोक लेकरांना सोडून जात. संध्याकाळी ते शेतावर असत, म्हणून पोचवण्याचे काम बाईंनी अंगावर घेतले. परतताना दूध गोळा करणाऱ्या चैतूच्या मोटारसायकलीवर त्या गावात येत.

सुरुवातीला बाई सर्वांच्या पुढे चालत. मोठ्याने पुढे असावे, अशी त्यांची समजूत. एकदा नाल्याजवळ त्यांनी मागे वळून पाहिले. लेकरे एकमेकांना खेटून चालली होती, आणि त्यांच्या बऱ्याच मागे, एकटी, दुसरीतली दिव्यानी. दुसऱ्या दिवशीही तेच.

"दिव्यानी मागं काऊन राह्यते?" बाईंनी विचारले.

चौथीतल्या नंदिनीने पाढा म्हणावा तसे उत्तर दिले, "मॅडम, तिच्या घरी मासोळ्या असतात. अंगाले वास येते. वाघ वासावर येते नं. आला तं मागच्यालेच नेते."

"आन् तिले नेलं तं?"

दिव्यानीच म्हणाली, "मीच राह्यतो मॅडम मागं. मले सवय हाय."

त्याच सकाळी परिपाठात या लेकरांनी संविधानाची उद्देशिका एका सुरात म्हटली होती. बंधुता म्हणजे काय, हे नंदिनीने न अडखळता सांगितले होते. झुडपात वाघ असेल वा नसेल. पण एका लेकराला वाघापुढे ठेवून बाकीची निर्धास्त चालतात, आणि ते लेकरूही त्याला मान डोलावते, या गोष्टीची त्यांना वाघाहून मोठी धडकी भरली.

त्यांनी वर्गात समतेचा पाठ घेतला आणि पाळ्या लावल्या. रोज एकाने शेवटी चालायचे. पहिली पाळी नंदिनीची आली. दुसऱ्या सकाळी तिचे वडील बापूराव शाळेच्या फाटकात उभे.

"मॅडम, माह्या पोरीले मागं लावलं काजी काल?"

"पाळी होती भाऊ तिची."

"पाळी पाणी भराची असते, वर्ग झाडाची असते. वाघाची पाळी कुठी असते काजी?"

"मंग दिव्यानी रोज मागं होती, तवा तुमी नाई आले?"

"मासोळ्या धरणाऱ्या ढिवराची पोरगी हाय ते. तळ्यावर, रानात हिंडते," एवढेच बापूराव पुटपुटले.

बाईंना स्वतःची चूक कळून आली. त्यांनी भीतीची समान वाटणी केली होती. लेकरू मात्र एकही सुरक्षित केले नव्हते. त्या दिवसापासून नंदिनीला पुढे घालून बाई स्वतः शेवटी चालू लागल्या, दिव्यानीचा हात धरून.

शेवटी चालणे म्हणजे काय, ते त्यांना आता समजले. पाठीवर कोणीतरी डोळे रोवून आहे असे सारखे वाटे. सागाचे वाळके पान पडले तरी मान ताठ होई. एका संध्याकाळी नाल्याच्या अलीकडे माकडे ओरडली आणि लगेच गवत हलले. लेकरांनी धूम ठोकली. बाईंच्याही जिवाने पळ काढला. हात सोडवावा आणि धावावे, असे त्यांना क्षणभर वाटले. दिव्यानीने तो हात दोन्ही हातांनी धरला होता.

बाईंच्या तोंडून आरडाओरडा निघेना. निघाली ती रोजची हजेरी.

"नंदिनी!"

"हजर मॅडम!" नाल्यापलीकडून आवाज आला.

"स्वाती!" "हजर!" "आयुष!"

उत्तर नाही.

"आयुष!" गवत पुन्हा हलले. "आयुष!"

"हजर... हजर हाय मॅडम," रडत रडत आवाज आला. तो नाल्यात घसरून पडला होता. बाई एकेक नाव ओरडत, मागे पाहत, दिव्यानीसह नाला उतरल्या. दुसऱ्या दिवशी वनरक्षक मंगरू यांनी ओल्या वाळूतला वाघाच्या पंजाचा ठसा दाखवला. तो वाटेला लागूनच होता.

टोल्यावर बाईंचा जयजयकार झाला. "मॅडम काय, वाघीण हाय वाघीण!" म्हणून बापूरावांनी शाल-नारळाचा घाट घातला. सगळे निश्चिंत झाले. मॅडम मागे आहेत, आता काळजी कसली? फक्त दिव्यानीचे वडील शालिकराम यांनी लेकीला घरी बसवले. "पोरगी जितीजागती राह्यली पायजे आधी. अक्षरं मंग पाहू."

सत्काराला सारा टोला जमला. बाईंना बोलायला सांगितले. एकोप्यावर काही चांगले ऐकायला मिळेल, म्हणून बायाही सरसावून बसल्या. बाई उठल्या. शालिकराम मागे भिंतीशी उभे होते, त्यांच्याकडे पाहून त्या म्हणाल्या,

"मले मागं चालाले लय भेव लागते. उद्यापासून रोज तुमच्यातल्या एका बाप्यानं नाईतं बाईनं माह्यासंग मागं चाला. आन् शालिकराम भाऊ, दिव्यानीले शाळेत पाठवा."