रेंजची लादी

“हलू नका! मेलात तरी हलू नका!”

चौथ्या मजल्यावरच्या काकू जिन्याच्या कठड्यावरून वाकून माझ्यावर ओरडत होत्या. मी त्यांच्या खालच्या वळणावर, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, एका फुटक्या लादीवर डावा पाय रोवून, उजवा हवेत धरून आणि डोकं खिडकीच्या गजांना टेकवून उभा होतो. कानाला मोबाइल, मोबाइलमध्ये माझे नवे साहेब. तेही ओरडत होते, पण काकूंपुढे ते पुटपुटल्यासारखं वाटत होतं.

“माणसं लिफ्टमध्ये अडकलीत आणि तू कुठे अडकलायस?”

“जिन्यात,” मी म्हणालो. खरं तेच होतं.

“हे दुसऱ्यांदा झालं. तिसरा फोन चुकला तर सरळ मिरजेची गाडी पकडायची. कळलं?”

कळलं, असं म्हणायला मी उजवा पाय खाली टेकवला आणि फोन कटला.

“सांगितलं होतं हलू नका म्हणून,” काकू म्हणाल्या. “नवीन माणसं ऐकत नाहीत.”

मिरजेत ज्या सूतगिरणीत मी अकरा वर्षं हजेरीपट सांभाळला, तिच्या दाराला एका सकाळी कुलूप दिसलं. त्यामुळे मिरजेची गाडी पकडून मी जाणार होतो ते कुलूप बघायला. इकडे मीरा रोडला, हाटकेशमधल्या एका गाळ्यात लिफ्ट दुरुस्त करणारी छोटी कंपनी होती, तिला तक्रारी घ्यायला माणूस हवा होता. काम सोपं. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतल्या इमर्जन्सी बटणावरून फोन येणार, मी तो उचलायचा आणि जवळच्या मेकॅनिकला पिटाळायचं. दिवसा ऑफिसात बसून. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी तोच फोन वळवून स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा, घरी बसून, पाय पसरून. पहिले तीन महिने कच्ची नोकरी. बायको आणि मुलगी, मुलीची परीक्षा होईपर्यंत, मिरजेलाच.

राहिलं होतं ते घर. एका एजंटने मला स्कूटरवर मागे बसवून तीन दिवसांत चौदा घरं दाखवली. एका सोसायटीत विचारलं, “फॅमिली कुठाय?” म्हटलं, येणार आहे. “मग आल्यावर या.” बायको म्हणत होती, घर मिळाल्यावर येते. दुसरीकडे स्वयंपाकघर एवढं अरुंद, की पोळी लाटताना कोपर शेजाऱ्यांच्या आमटीत बुडालं असतं. तिसऱ्या घराची खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी, आणि तिच्यातल्या गृहस्थाने हात लांब करून मला वर्तमानपत्र दिलं. हवंय का, म्हणाला, माझं वाचून झालंय.

पंधरावं घर पेणकरपाड्याला. सात मजली जुनी इमारत, तिच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस मजल्यांचे नवे टॉवर, म्हणजे दोन पैलवानांमध्ये बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखी. बायको व्हिडिओ कॉलवर होतीच. रस्त्यावरून गेट दाखवलं, लांबून पार्किंग दाखवलं, लिफ्टमध्ये शिरलो आणि कॉल कटला.

“लिफ्टमध्ये जाते रेंज,” एजंट म्हणाला. “वर गेल्यावर येईल.”

वर गेल्यावर त्याने काय केलं असेल, तर सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मग स्वयंपाकघरातला, मग बाल्कनीतला. सगळे नळ एकदम, धो धो. आमच्याकडे मिरजेत पाणी यायचं एक दिवसाआड, तेही पहाटे, बादल्यांची रांग लावून. मी त्या धारेखाली हात धरून उभा राहिलो. दहा मिनिटं झाली तरी पाणी थांबेना. माझे डोळे भरून आले की काय ते आठवत नाही, पण तोंड मात्र तिथेच धुऊन घेतलं. मग भिंती ठोकून पाहिल्या, दारं लावून पाहिली, संडासची टाकी तीनदा ओढून पाहिली. खिशातला मोबाइल तेवढा काढून पाहिला नाही.

अकरा महिन्यांचा करार झाला. त्यात पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे त्याआधी घर सोडलं तर डिपॉझिट मालकाच्या घशात. मी आनंदाने अंगठा उठवला. डोळ्यांसमोर अजून नळच वाहत होते.

सामान लावून झाल्यावर बायकोला फोन करायला गेलो, तर मोबाइलवर एकसुद्धा दांडी नाही. बाल्कनीत नाही, ओट्यावर चढलो तरी नाही, पलंगाखाली शिरलो तरी नाही. दाराबाहेर आलो तर जिन्यात सात माणसं रांगेत उभी. मला वाटलं कुणी गेलं. तर वळणावरच्या त्या फुटक्या लादीवर दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा फोनवर बोलत होते, आणि बाकीचे आपापल्या नंबराची वाट बघत होते. दोन टॉवरच्या फटीतून अख्ख्या इमारतीला जेवढी म्हणून रेंज मिळायची, ती त्या एका लादीवर पडायची. त्यामुळे इमारतीत कुणाचं काहीही खाजगी नव्हतं. सहाव्या मजल्याचा भावाशी वाद पहिल्या मजल्याला पाठ होता. माझ्या बायकोने पहिल्याच फोनवर विचारलं, “जेवलात का?” तर रांगेतून तिघे म्हणाले, “नाही जेवले, वहिनी.”

मी एजंटला गाठलं. “साहेब, रेंजचं काय आपल्या हातात असतं?” तो म्हणाला. “पाणी बघा की.”

केबिन रोडवरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “ये वाला सिम लो, फुल रेंज मिलेगा.” घेतलं. फुल रेंज मिळाली, ती त्याच लादीवर. दुसऱ्या कंपनीचं घेतलं. तेही तिथेच. तिसऱ्यांदा गेलो तर त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. “वो नलवाली बिल्डिंग में रहते हो क्या?”

वायफाय घेतलं की घरातून फोन लागतो, असं कुणी तरी सांगितलं. पण इमारतीत केबलवाला एकच, दुसऱ्या कुणाची वायर आली की ती आपोआप तुटायची. आणि तो एकच केबलवाला म्हणाला, “बॉक्स फुल है. कोई छोड़ेगा तो आपको देगा.” वायफाय सोडून इथून कोण जातंय? मग मी रोज जिन्यातून जाताना म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करू लागलो. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा ओळखून होते. “मी ठणठणीत आहे,” मला लांबून बघूनच ते म्हणायचे.

एवढ्यात दोन फोन चुकले. पहिल्यात एक प्राध्यापक पाऊण तास अडकले आणि त्यांनी बाहेर येऊन चार पानी पत्र लिहिलं. दुसऱ्यात लग्नाला निघालेली नऊ माणसं, नटूनथटून, आहेरासकट. ती इतका वेळ आत होती, की शिरताना गुळगुळीत असलेल्या नवरदेवाच्या धाकट्या भावाला बाहेर येताना मिसरूड फुटली होती. निदान साहेब तरी असंच सांगत होते.

मग मी जिन्यातच राहायला गेलो. लादीच्या बाजूला प्लास्टिकचं स्टूल टाकलं. ऑफिसातून आलो की बूट काढून स्टुलावर, रविवारी सकाळपासून स्टुलावर. लादीवर मोबाइल ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. कुणाला बोलायचं असेल तर त्याने माझा उचलून आपला ठेवायचा, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचं, कधी संपवतो म्हणून. जेवण तिथेच. दाढी तिथेच, खिडकीच्या काचेत बघून. जाणारे-येणारे मला ओलांडून जायचे. कुरिअरवाला सात मजल्यांची पार्सलं माझ्याजवळ ठेवून जायचा. घरात चोवीस तास पाणी वाहत होतं आणि मला आंघोळीला जायची सोय नव्हती. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, घर दाखवा ना.” मी कॅमेरा फिरवला. जिना, कठडा, चपलांचा रॅक. “छान आहे,” ती म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.

एका रविवारी मात्र राहवलं नाही. काकूंना म्हटलं, पाच मिनिटं लक्ष ठेवा, डोक्यावर पाणी घेऊन येतो.

डोक्याला साबण लावला आणि फोन वाजला. साबणासकट, टॉवेल धरून धावत आलो. काकू कंबरेतून वाकून लादीवरच्या मोबाइलशी बोलत होत्या.

“आधी खाली बसा. किती जण आहात? पंखा चालू आहे ना? दाराला कुणी हात लावू नका. आणि तुम्ही मागे कोण रडताय? रडू नका, बाई, लिफ्ट पडत नसते. मी लाइनवर आहे.”

आवाज तोच, माझ्यावर ओरडणारा, पण आता त्याला इस्त्री केलेली. मला हाताने खूण करून त्यांनी मेकॅनिकचा नंबर मागितला. मी साबणाच्या डोळ्यांनी दिला. अठरा मिनिटांत माणसं बाहेर.

“टेलिफोनच्या बोर्डावर होते मी,” काकू म्हणाल्या. “फोर्टातल्या ऑफिसात, बत्तीस वर्षं. दोनशे एक्स्टेन्शन, एकाला कधी चुकीचं जोडलं नाही. मग लालबागची खोली सोडून इथे आलो आणि तोंडाला कुलूप.” “माझ्याकडे जुनी लँडलाइन आहे. आता नवी देत नाहीत, पण माझी अजून चालते. तुमचा तो फोन तिकडे वळवा.”

“साहेबांना कळलं तर?”

“कोण सांगणार? साबण पुसा आधी.”

संध्याकाळी सहाला निघताना फोन मीच वळवायचो. त्या सोमवारपासून तो माझ्याऐवजी काकूंच्या हॉलमध्ये वाजू लागला. मेकॅनिकांचे नंबर त्यांनी फ्रिजवर चिकटवले. मी घरी जाऊन आंघोळ करू लागलो, रोज, कधी कधी दोनदा.

तीन महिने पुरे झाले, तिसरा फोन चुकला नाही, नोकरी पक्की झाली. बायको-मुलगी आल्या. बायकोने सगळे नळ उघडून पाहिले आणि म्हणाली, घर चांगलंय.

पण सुटलो म्हणावं तर तसं नव्हतं. मी कुठे बाहेर निघालो की काकू बाल्कनीतून, “कुठे निघालास? हाकेच्या टप्प्यात राहा!” नोकरी पक्की झाली त्या दिवशी त्यांनी मला अहो-जाहो करणं सोडलं. त्यांचं दळण मी आणायचो, त्यांचा गॅस मी लावायचो, त्यांच्या बहिणीच्या वर्षश्राद्धाला लँडलाइनपाशी मी बसलो. उत्तनच्या किनाऱ्यावर मुलीला न्यायचं ठरवलं तर काकू म्हणाल्या, “जा की. मी काय, रिसीव्हर बाजूला काढून ठेवते.” नाही गेलो. मुलगी अजून विचारते, समुद्र किती लांब आहे? तासाभराचा रस्ता आहे, पण आम्हाला तो पृथ्वीच्या पलीकडे होता.

आणि काकू घरात असताना तो फोन उचलायचा मला अधिकार नव्हता. एकदा उचलला, तर पलीकडच्या गृहस्थाने विचारलं, “बाई नाहीत का? मग पाच मिनिटांनी करतो.” आणि तो लिफ्टमध्ये अडकलेला होता!

सहा महिने संपले. एजंटचा आपणहून फोन आला, म्हणजे मी लादीवर असताना आला. केबिन रोडला घर होतं. या वेळी मी आधी मोबाइल काढला. हॉलमध्ये चार दांड्या, संडासात चार दांड्या. नळ सोडला, तर त्याने फुस्स केलं आणि दोन थेंब टाकले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. “बादल्या आहेत आपल्याकडे,” मी म्हणालो. त्या रात्री मी ठरवलं की काकूंना सगळं नीट सांगायचं, फोन परत स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा आणि माणसासारखं आपल्या घरात बसून आपली नोकरी करायची.

दुसऱ्या दिवशी साहेबांनीच केबिनमध्ये बोलावलं.

“काल माझ्या सासूबाई अडकल्या होत्या,” ते म्हणाले. “लिफ्ट उघडली तरी बाहेर येईनात. म्हणाल्या, थांबा, बोलणं चाललंय.” त्यांनी चष्मा काढला. “कोण आहेत त्या बाई?”

मी खरं ते सांगितलं. लादी, साबण, लँडलाइन, फ्रिजवरचे नंबर, सगळं. शेवटी मी म्हणालो, “पण साहेब, आता हे सगळं बंद. मी केबिन रोडला शिफ्ट होतोय. तिथे फुल रेंज आहे. फोन मीच घेईन, संध्याकाळी, रविवारी, कधीही.”

साहेबांनी चष्मा परत लावला आणि समोरचा कागद ओढला.

“तू हो शिफ्ट,” ते म्हणाले. “फोन वळवायचा नंबर बाईंचाच राहू दे.”