खिडकीतलं दुसरं विमान

मी चौथीपर्यंत शिकलो, पण मला कुणी येडं बनवू शकत नाही. विमानवाल्यांनी मात्र तो प्रयत्न करून बघितला.

मुंबईला बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला घाबरवू नका, हृदय अजून कच्चं आहे. घरी सोलापूरला येताना रेल्वेत हाल होतील म्हणून मुलानं विमानाची तिकिटं काढली. खिडकीची जागा तिची होती, मी बळकावली. मध्ये ती, पलीकडे मुलगा, कानात ती पांढरी बोंडं कोंबून झोपलेला. आभाळात जाऊनही झोपतो, असला दिवटा.

सोलापूर आलं. एमआयडीसीचे पत्रे खाली दिसायला लागले, तोच बाजूनं एक चिमुकलं विमान थेट आमच्या अंगावर आलं. रस्त्यात कोंबडी आडवी येते ना, तसं. आमच्या विमानानं एकदम नाक वर केलं. ते खेळणं आमच्या पंखाखालून निघून गेलं. आतल्या माणसाचं डोकं दिसलं मला. सात रस्त्याला रिक्षा चालवायची ज्याची लायकी नाही, त्याला आभाळ मोकळं करून कोण देतं?

मागं आरडाओरडा सुरू झाला. मगाशी पाण्याच्या बाटलीवरून विमानातल्या पोरीवर गुरगुरणारा सुटाबुटातला गृहस्थ आता देवाला हाका मारत होता. म्हणे मोठी माणसं!

मी खांदा आडवा धरून खिडकी झाकली. बायकोचे ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं ओ?"

"काय न्हाय. ड्रायव्हर नवशिका हाय. सोलापूर सोडून म्होरं चाललाय गाढव."

ती हसली. "आनि तुमी लई शाने."

"व्हय की."

एक फेरी मारून विमान उतरलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एसटी स्टँडात लागली म्हणून कुणी टाळ्या वाजवतं का?

खाली विमानवाल्यांचा एक टाय लावलेला पोरगा सगळ्यांना सांगत होता, "धावपट्टी मोकळी नव्हती, काका. नेहमीचंच असतं हे." नेहमीचंच! शिवी जिभेवर आली होती. पण शेजारी चाकाच्या खुर्चीत बायको होती. गिळली. मुलालाही सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. तो सुनेला सांगणार, सून गल्लीला, आणि गल्ली माझ्या बायकोला.

आता तपासणीला पुन्हा मुंबईला जायचंय. बायकोला विमानाचं खूळ लागलंय. "ह्या खेपेला खिडकी माजी," म्हणते.

"रेल्वेनं जायचं," मी म्हणालो.

"का ओ? भ्यालासा जनू."

मुलगा हसला. "आप्पा, विमानाएवढं सेफ काही नाही." हा मला शिकवतो! झोपला होतास की रे मेल्या.

मग ती शेजारणीला सांगत सुटली, "आमच्या ह्यांचे पाय लटलटत हुते बघा." शेजारीण माझ्याकडं बघून दात काढत होती. आजवर मला भित्रा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आता आख्खी गल्ली म्हणणार. एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, पण ते वाक्य हिच्या कानावर पडलं असतं.

"व्हय, भितो मी," म्हणालो. "लई भितो. रेल्वेची तिकिटं काढ."

हसत हसत मुलानं काढली.