मित्रासाठी केलेले कंदील
कंदिलाचा कागद चिकटवायची खळ शिजल्याचा वास आला की छावणी भागात राहणारा मित्र आठवतो. दर दिवाळीला मी त्याच्यासाठी आकाशकंदील करायचो. बांबूच्या चोवीस कामट्या, कागदाच्या आठ शेपट्या. "तुझ्या कंदिलाबिगर आमची दिवाळी नाय," असं तो म्हणायचा आणि तेवढ्यावर मी पुढच्या वर्षी नवा आकार शोधायचो. सहाव्या वर्षी नरक चतुर्दशीच्या सकाळी फराळ घेऊन न सांगता गेलो. दारात प्लॅस्टिकचा कंदील होता. अंगणात त्याची आई बंब पेटवत होती. चारच दिवसांपूर्वी दिलेल्या माझ्या कंदिलाच्या कामट्या आत सारत ती कौतुकानं म्हणाली, "तुझे कंदील लई कामाचे रं बाबा. दरसाल पहिल्या अंघोळीचं पाणी ह्याच्यावरच तापतं." मित्र तिच्या मागंच उभा होता. "चहा घेतोस ना?" एवढंच म्हणाला. मी घेतला. आता आमच्या दारापुरता एकच करतो. मुलगी "छान झालाय" म्हणते, तेव्हा मी आधी तिच्या तोंडाकडं बघतो.